चाळिसातल्या तीन सभा

आमच्या ऑफिसात लोकशाहीचे तीन रंग आहेत. हिरवा, पिवळा आणि लाल. ठरवलेला आकडा गाठला की हिरवा, मुदत अजून बाकी असेल तर पिवळा, मुदतीत नाहीच जमलं तर लाल. जर्मन लोक याला आम्पेल म्हणतात, म्हणजे चौकातला सिग्नल. फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमध्ये काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून मी सात वर्षं हे रंग भरतो आहे, आणि आधीच सांगून टाकतो की मला या कामाचा आता मनापासून वीट आला आहे.

आमची कंपनी छोटी, पस्तीस माणसांची. जर्मन मदतीवर परदेशात जे प्रकल्प चालतात त्यांच्यावर देखरेख ठेवायची, आकडे गोळा करायचे आणि शेवटी अहवाल लिहायचा, हा आमचा धंदा. ट्युनिशियाचा एक प्रकल्प पाच वर्षं माझ्याकडे होता. २०११ साली तिथल्या लोकांनी रस्त्यावर उतरून हुकूमशहाला देशाबाहेर पळवून लावलं, मग नवं संविधान लिहिलं आणि २०१८ मध्ये पहिल्यांदाच गावोगावच्या नगरपालिकांच्या खऱ्याखुऱ्या निवडणुका घेतल्या. निवडून आलेल्यांनी आपापल्या लोकांच्या सभा घ्याव्यात, त्यांचं ऐकावं, अशी आमच्या प्रकल्पाची कल्पना होती. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. प्रत्येक गावाला आकडा दिलेला: पाच वर्षांत चाळीस सभा.

हे काम मला मिळालं तेव्हा मी नगर जिल्ह्यातल्या माझ्या गावी आईला फोन केला होता. "जय भीम आई, एका देशात नवीन संविधान आलंय आणि मी तिकडच्या लोकांना मदत करणार आहे," असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आई पुढचा आठवडाभर सगळ्या वस्तीला हे सांगत फिरत होती. आमच्या घरात संविधान हा शब्द फुकट वापरत नाहीत.

मादाम मबरूका या त्या देशाच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातली नगरसेविका. पंचावन्न वर्षांच्या, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या, त्यामुळे आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं. राजानंद हे माझं नाव त्यांना लांबलचक वाटे, म्हणून मला त्या "सी राजा" म्हणत. सी म्हणजे आपल्याकडचं राव. मीही मनातल्या मनात त्यांना मबरूकाबाईच म्हणायचो, कारण त्या बोलायला लागल्या की आमच्या गावच्या शाळेतल्या बाईंची आठवण व्हायची. समोरचा मध्ये बोलला तर त्या थांबायच्या, त्याचं होऊ द्यायच्या आणि आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. प्रकल्प संपून आठ महिने झाले होते, शेवटचा अहवाल तयार होता आणि शुक्रवारी बारा वाजता तो जाणार होता. मला वाटलं, बाईंनी सहज फोन केला असेल.

"सी राजा, मला काल पोलिसांनी बोलावलं होतं," त्या म्हणाल्या.

"कशासाठी?"

"पालिका बरखास्त झाल्यावर आम्ही ज्या तीन सभा घेतल्या त्यांबद्दल. कुणीतरी चुगली केलीय. बंद केलेल्या पालिकेची सभा भरवणं हा गुन्हा आहे म्हणतात. मी सांगितलं, कसली सभा, शेजारीपाजारी तेलाच्या घाण्याच्या अंगणात गप्पा मारत बसलो होतो. त्यांनी दोन तास बसवून सोडून दिलं."

"मग ठीक आहे की."

"ठीक कसं? त्यांच्याकडे कागद नाही म्हणून सोडलं. कागद तुमच्याकडे आहे. नावं, पत्ते, सह्या. तुम्हीच मागितल्या होत्या. तुमचा अहवाल आमच्या सरकारी खात्याकडेपण जातो ना?"

जातो. करारातच तसं होतं. ते खातं आमचं कागदोपत्री भागीदार, आणि अहवालाची एक प्रत सगळ्या पुराव्यांसकट त्यांना द्यायची होती. पुरावे म्हणजे चाळीस सभांचे हजेरीपट. ज्या देशात शेजाऱ्याच्या बाल्कनीचा फोटो काढला तरी डाटेनशुट्झच्या, म्हणजे खासगी माहितीच्या संरक्षणाच्या, नावानं नोटीस येते, त्या देशातून त्या शेवटच्या तीन सभांच्या एकसष्ट माणसांच्या सह्या बिनदिक्कत परदेशी पाठवायला आम्ही निघालो होतो.

मी बाईंना म्हटलं की बघतो, काहीतरी करतो. मग फोल्डर उघडला. अडतीस, एकोणचाळीस आणि चाळीस नंबरच्या सभांचे हजेरीपट समोर आले आणि त्यांच्या वरच माझी जुनी मेल लावलेली होती. मार्च २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी देशातल्या सगळ्या निवडून आलेल्या नगरपालिका एका फर्मानानं बरखास्त केल्या. ही मेल त्यानंतरची, एप्रिलमधली. मी लिहिलं होतं: आपल्या सदतीस सभा झाल्या आहेत, जूनअखेर प्रकल्प संपतो आहे, उरलेल्या तीन कृपया पूर्ण कराव्यात. प्रत्येक हजर व्यक्तीचं पूर्ण नाव, गल्ली आणि सही घ्यावी, एकही राहू नये.

पालिका गेली हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. मी बातमी वाचली होती, चिडलोही होतो. पालिका गेली तरी माणसं आहेत, त्यांनी एकत्र बसणं सोडू नये, असं उदात्त काहीतरी मनात होतं. पण खरं सांगायचं तर सदतीसचा आकडा त्याहून जास्त डोळ्यांत सलत होता. बाकीच्या गावांचे चाळीस बरखास्तीआधीच झाले होते, आणि तीन सभांसाठी हा एक चौकोन लाल राहणार होता.

आणि सह्या? त्या मी का मागितल्या हेही सांगतो, कारण ही चूक दुसऱ्या कुणी केलीच नसती. प्रकल्पाला नुसता आकडा आणि फोटो पुरेसा होता. सह्यांचा हट्ट माझा एकट्याचा.

माझी आई अंजनाबाई राखीव जागेवरून ग्रामपंचायतीत निवडून आली होती. मी तेव्हा आठवीत होतो. तिनं वस्तीतल्या बायांची सभा विहारासमोर भरवली. सत्तर बाया आल्या, नळाचं कनेक्शन आधी वस्तीत यायला हवं असा ठराव झाला. पुढच्या बैठकीत आईनं ठराव मांडला तर ग्रामसेवक म्हणाला, "नोंद कुठाय? सह्या, अंगठे कुठायत? अशी सभा झालेलीच नाही." नळ दुसऱ्या आळीत गेला. ज्या सभेला काळं कुत्रं आलं नव्हतं त्या सभेचं रजिस्टर मात्र शिपाई दारोदार फिरवून भरून आणायचा. तेव्हापासून आईचं एकच पालुपद: "अंगठा घेतल्याबिगर माणूस उठू द्यायचा नाय." मी ते मनावर कोरून घेतलं, पार ट्युनिशियापर्यंत नेलं, आणि हात दाखवून अवलक्षण केलं.

बुधवारी सकाळी मी आंकेकडे गेलो. आंके माझी साहेबीण. वाईट बाई नाही. पंधरा वर्षं अरब देशांत काम केलंय तिनं, २०११ सालच्या तिथल्या उठावात कैरोच्या चौकात होती, त्याचा फोटो अजून तिच्या टेबलावर आहे. मी तिला सगळं सांगितलं. ती खुर्चीत मागे रेलली आणि डोळे मिटून बसली.

"आल्झो, तर मग," ती म्हणाली, "नावं काळी करू."

"चाळिसांतली तीनच काळी केली तर बोट दाखवल्यासारखं होईल. सगळी केली तर खातं मूळ प्रती मागेल, करारानं त्यांना तो हक्क आहे. आणि नावं काळी केली तरी तारीख राहते. बरखास्तीनंतर सभा झाली हाच तर गुन्हा आहे."

"मग तुला काय हवंय?"

"त्या तीन सभा काढून टाकू. सदतीस लिहू."

आंकेनं डोळे उघडले. "चाळीसचा आकडा आपण तिमाही अहवालात मदत देणाऱ्यांना कळवलाय, राजानंद. वर मान्य झालाय. तो आता कमी का झाला?"

इथेच घोडं पेंड खात होतं. चाळिसाचे सदतीस करायचे तर कुणीतरी चुकलं असं लेखी द्यावं लागणार. आणि ते कुणीतरी कोण, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"मी मोजताना चुकलो असं लिहून देतो," मी म्हटलं. "त्सेलफेलर."

"सुपरवायझर म्हणून मी सही करेन," ती हळूच म्हणाली. "पण फाइलमध्ये तुझं नाव जाईल. नक्की?"

संध्याकाळी बायकोला सांगितलं. प्रिया तिच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, चुका शोधायचा पगार घेते.

"अरे, तू डोक्यावर पडलायस का?" ती म्हणाली. "जूनमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट उनबेफ्रिस्टेट व्हायचंय. पर्मनंट व्हायच्या चार महिने आधी तू स्वतः लिहून देणार की मला चाळीसपर्यंत मोजता येत नाही?"

"एकसष्ट माणसं आहेत, प्रिया."

"माहितीये. मी नको म्हणतच नाहीये." तिनं भाजीखालचा गॅस उगाचच मोठा केला. "पण खरं कारण लिही ना! लिही की पालिका बंद केल्या, आम्ही मूर्खासारखा टार्गेटचा हट्ट धरला आणि माणसं अडचणीत आली. खोटी चूक कशाला? खरी चूक केलीयेस की!"

"खरी चूक लिहिली की सभा झाल्या हे कबूल होतं."

तिनं हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे खरं बोलायची सोयच नाही." भाजी करपली ती करपलीच, आणि आम्ही ती तशीच खाल्ली.

गुरुवारी मी दुरुस्तीचा फॉर्म भरला. दुरुस्तीचं कारण माझी मोजणीतली चूक असं दिलं, आणि चाळीसच्या जागी सदतीस लिहिताच हिरवा चौकोन लाल झाला. तीन हजेरीपट फोल्डरमधून काढले, सर्व्हरवरून पुसले. पुसण्याआधी शेवटची यादी वाचली. सह्या कशा होत्या सांगू? काही जणांनी शाळेच्या फळ्यावर काढतात तशी एकेक अक्षर सुटं काढून नावं लिहिली होती. एकानं नावापुढे गल्ली, घराचा रंग आणि दारासमोर अंजिराचं झाड आहे एवढंसुद्धा लिहिलं होतं, मी मागितलं होतं तसं, काही राहू नये म्हणून. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

फॉर्म पुढे सरकेना. आकडा ठरल्यापेक्षा कमी असला की त्याचं वेगळं कारण द्यावं लागतं, त्याशिवाय खालचं बटण चालू होत नाही. आणि कारण मनचं लिहिता येत नाही. चारच पर्याय: निधीची अडचण, नैसर्गिक आपत्ती, राजकीय परिस्थिती, नागरिकांचा अपुरा प्रतिसाद.

निधी वेळेवर गेला होता, त्याच्या पावत्या होत्या. भूकंप झाला नव्हता. राजकीय परिस्थितीवर मी बोट ठेवलं तर आणखी एक खिडकी उघडली: नेमक्या कोणत्या घटनेमुळे, कोणत्या तारखेपासून, भागीदार खात्याशी चर्चा केली का? म्हणजे तेच खातं, तीच तारीख. मी खिडकी बंद केली आणि मबरूकाबाईंना फोन लावला. त्या वर्गाबाहेर येऊन बोलत होत्या, मागून पोरांचा गलका ऐकू येत होता.

मी त्यांना चारही कारणं वाचून दाखवली.

"चौथं लिहा," त्या लगेच म्हणाल्या.

"बाई, ते खोटं आहे."

"सी राजा, पहिल्या सदतीस सभांना लोक कसे यायचे ते मला माहीत आहे. तुमचा बॅनर असायचा, बदामाची बिस्किटं असायची, फोटो निघायचा. मी घरोघरी जाऊन आणायचे त्यांना. शेवटच्या तीन सभांना मी कुणालाही बोलवायला गेले नाही. पालिकेला कुलूप होतं म्हणून घाण्याच्या अंगणात बसलो. लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले." त्या हसल्या. "शेवटच्या सभेत कचऱ्याच्या डेपोवर मतदान घेतलं, हात वर करून. मुलींच्या शाळेजवळून डेपो ताबडतोब हलवा असं माझं म्हणणं होतं. मी तीन मतांनी हरले! माझ्या सख्ख्या भावानं विरुद्ध हात वर केला. आणि कुणी भांडलं नाही. आम्हाला माहीत होतं की हा ठराव कुणी वाचणार नाही, तरी दोनदा हात मोजले."

मी बोट चौथ्या पर्यायावर नेलं, पण दाबलं नाही.

"म्हणून सांगते, चौथं लिहा. लोकांना रस नव्हता असं लिहा. रस नसल्याबद्दल कुणाला अटक करत नाहीत." मग घंटा झाली, आणि त्या वर्गात गेल्या.

मी चौथा पर्याय निवडला. बटण चालू झालं. त्या पाच वर्षांत ज्या तीन सभांना लोक खरोखर आपणहून आले होते त्या मी माझ्या हातानं पुसल्या, आणि पुसण्याचं कारण म्हणून लिहिलं की लोक येत नव्हते. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला नुसता संताप येत होता. त्या फॉर्मवर, त्या फर्मानावर, आंकेच्या टेबलावरच्या फोटोवर, आणि सगळ्यात जास्त एप्रिलमधल्या त्या शहाण्या राजानंदवर. शुक्रवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अहवाल गेला.

मार्चअखेर फ्रँकफर्टला अहवालाचं सादरीकरण होतं. लांबट टेबल, बाटल्यांतलं सोड्याचं पाणी, मदत देणाऱ्या संस्थेचे सात-आठ जण, आणि भिंतीवरच्या पडद्यावर ट्युनिशियाच्या त्या भागीदार खात्याचा एक अधिकारी. चष्मा, निळा टाय, समोर आमच्या अहवालाची छापील प्रत. आंकेनं आकडे दाखवले. अकरा गावं हिरवी, एक लाल. अर्थात सगळ्यांची नजर लाल चौकोनावरच गेली.

"हे रोचक आहे," टेबलाच्या टोकाला बसलेले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. "बाकी सगळीकडे जमलं आणि इथेच प्रतिसाद नाही. मिस्टर साळवे, हा भाग तुम्ही बघत होता ना? आणि तुम्ही तर जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकशाहीतून आलात. तुम्हाला काय वाटतं, असं का झालं असेल?"

पडद्यावरच्या अधिकाऱ्यानं मान वर केली. हातातलं पेन उघडलं. आंके माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम पाण्याची बाटली उघडत होती.

मी उभा राहिलो. उत्तर आधी तयार केलं नव्हतं. पण जे बोलायचं ते असं हवं होतं की त्या माणसाला पुढे काही विचारायची इच्छा होऊ नये.

"तिथल्या लोकांना सवय नाही," मी म्हणालो. "सभा असली की लोक बिस्किटांसाठी येतात. बिस्किटं बंद झाली की माणसं बंद. आमच्याकडेपण हेच आहे."

टेबलाभोवती हसू पसरलं. ते गृहस्थ "गेनाऊ, गेनाऊ", अगदी बरोबर, असं म्हणत मान डोलवू लागले. बाजूची बाई म्हणाली की तिचाही अनुभव हाच आहे, लोकशाही वरून रुजवता येत नाही, आधी खालून इच्छा हवी. कुणीतरी ते लिहून घेतलं. पडद्यावरचा अधिकारीसुद्धा हसला, त्यानं पेन बंद केलं आणि अहवालाचं पान उलटलं.

मी खाली बसलो. पाच वर्षं आम्ही एकेका सभेला पुरावा मागत आलो होतो, फोटो दाखवा, यादी दाखवा, तारीख दाखवा. माझ्या या वाक्याला त्या खोलीतल्या एकानंही पुरावा मागितला नाही.

एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर उभं राहून मी मबरूकाबाईंना मेसेज केला की झालं, आता काळजी नको. त्यांचं उत्तर लगेच आलं. त्यांनी विचारलं होतं, आमच्या गावाबद्दल काही बोलणं निघालं का, कुणी काही विचारलं का?

गाडी आली तरी मी तो प्रश्न वाचत उभा होतो. मग लिहिलं, नाही, कुणी काही विचारलं नाही.